मृदंगातलं बिऱ्हाड

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, जेव्हा राजे स्वतःच्या हाताने भाजी निवडत आणि उंदीर चार शब्द नीट बोलत, तेव्हाची ही गोष्ट आहे. लहानांनी पुढे बसून ऐकावी, मोठ्यांनी मागे बसून ऐकावी, आणि ज्यांच्या घरात एखादं वाद्य खुंटीला टांगलेलं असेल, त्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

एका घाटाच्या माथ्यावर एक गाव होतं आणि पायथ्याशी दुसरं. माथ्यावरच्या गावात एक मृदंगबुवा राहत. ते वाजवायला बसले की विहिरीवरच्या बायका घागरी तशाच ठेवून ऐकत उभ्या राहत आणि घरी जाऊन बोलणी खात. त्याच गावात ठकू नावाची एक चिमुरडी होती. बुवांकडे रोजचं ताक पोचवायचं काम तिच्याकडे होतं. ताक द्यायला गेलेली ठकू पुढचं दही लागेपर्यंत परत येत नाही, असं तिची आई म्हणायची.

एक दिवस बुवा तिला म्हणाले, "उंबऱ्यात उभी राहून पाय दुखत असतील. आत येऊन बस. आणि बसलीसच तर हात रिकामे कशाला ठेवायचे?"

झालं, ठकूचं शिक्षण सुरू झालं. बुवांची रीत अशी की आधी बोल तोंडात, मग हातात. ठकू झाडताना म्हणायची, धा दिं ता. पाणी भरताना म्हणायची, किट तक गदि गन. शेजारची म्हातारी म्हणायची, "पोरीला वारं लागलं की काय?" पण पोरीला लागली होती ती गोडी, आणि तिच्यावर उतारा नसतो.

मग हातांची पाळी आली. मृदंगाला दोन तोंडं असतात. उजव्याला काळी शाई लावलेली असते, ती कायमची. डाव्याला मात्र वाजवायच्या आधी दर वेळी ओल्या कणकेचा गोळा थापतात, त्याने आवाजाला भारदस्तपणा येतो. वाजवून झालं की ती कणीक खरवडून काढायची. बुवा त्याबाबत फार कडक होते. "राहिली तर वाळते, चामडं ओढते, आणि खाणारे वासावर येतात," असं ते म्हणत. ठकू काढलेली कणीक गाईला घालायची आणि मगच घरी जायची.

ज्या दिवशी तिच्या हातून पहिला खराखुरा 'धा' निघाला, त्या दिवशी ती हसत सुटली आणि बुवांच्या घराभोवती धावत सुटली. एवढ्याशा तळहातातून एवढा मोठा आवाज निघू शकतो, याचंच तिला नवल वाटत होतं. पुढची काही वर्षं तिने दुसरा कोणताही खेळ खेळला नाही.

पण त्या काळी मुलींचे खेळण्याचे दिवस लवकर संपत. ठकूचं लग्न ठरलं, सासर घाटाखालच्या गावात. बुवांनी आपला जुना मृदंग तिला दिला. "माहेरचं माणूस सोबत असावं," ते म्हणाले. निघायच्या दिवशी सकाळी ठकूने शेवटचं वाजवलं. डोळ्यांतून पाणी, हातांतून बोल, आणि अंगणातून आईची हाक, की गाडी जुंपली, मुहूर्त टळतोय. ठकूने मृदंग लाल कापडात गुंडाळला आणि गाडीत चढली. कणीक काढायची राहिली, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता तुम्हाला वाटेल की सासू खाष्ट निघाली असेल. तर तसं काही नाही. सासू बिचारी देवमाणूस होती. तिने मृदंग पाहिला, बुवांचं नाव ऐकलं आणि दोन्ही हात जोडले. "एवढ्या मोठ्या माणसाची वस्तू. खाली ठिवू नगं, कुणाचा पाय लागंल," असं म्हणून तिने तो देवघरातल्या उंच फळीवर ठेवला. शाईचं तोंड पुढे, दुसरं तोंड भिंतीकडे. त्याला हळदकुंकू वाहिलं आणि फूल घातलं. ठकूला वाटलं, चार दिवसांनी काढू. चार दिवसांनी पेरणी आली, मग बाळंतपण आलं, मग पोरांची दुखणीखुपणी आली. दर दसऱ्याला मृदंगाची पूजा मात्र चुकली नाही.

एकदा शेजारणीची म्हैस हरवली. शेजारीण दसऱ्याच्या हळदीकुंकवाला आली होती, तिने जाता जाता मृदंगाला हात जोडले, आणि संध्याकाळी म्हैस आपल्या पायांनी घरी आली. म्हशी येतातच संध्याकाळी. पण गावाला चमत्काराची भूक असते. दुसऱ्या वर्षी चारजणी नवस बोलायला आल्या, तिसऱ्या वर्षी रांग लागली. मृदंगाचं नाव पडलं मृदंगआई. कुंकवाचे थर चढले, वर चांदीचे डोळे बसले. त्या गावात त्या मृदंगाला न मानणारं एक घर नव्हतं, आणि त्याचा आवाज ऐकलेलं एक माणूस नव्हतं.

सासू गेल्यावर मान ठकूकडे आला. बायका तिच्या पाया पडत. पाटील वाटेत भेटले तर पागोटं सावरून बाजूला होत. ठकू सांगायची, "मी बुवांची शिष्या," आणि ऐकणारे माना डोलवत. खोटं का बोला, तिला ते आवडायचं. मान कुणाला कडू लागतो?

पण अधूनमधून, पोळ्यांची कणीक तिंबताना, तिची बोटं आपोआप परातीच्या काठावर पडायची. मग तिला भूक लागल्यासारखं वाटायचं, आणि जेवून ती भूक जायची नाही. ती बोटं आवरून पुन्हा कामाला लागायची. असं करता करता ठकूची ठकूबाई झाली, केस पिकले, घरात सून आली.

एके दिवशी घाट उतरून एक कासार आला. बांगड्या भरता भरता त्याने निरोप सांगितला.

"मृदंगबुवा निघाल्यात. लई थकल्यात आता, हात थरथरत्यात, वाजवता येत न्हाई. पण त्यांनी एक परण बांधलीय. लांबलचक हाय म्हणं, घाट चढायचा आणि उतरायचा, सगळा तिच्यात हाय. ती अजून नुसती तोंडातच हाय. कुणाच्या तरी हातात उतरवली की मी मोकळा झालो, असं म्हणत्यात. राजधानीतल्या चेल्याकडं गेलते. त्यो म्हणाला, माझ्याच परणी मला पुरून उरल्यात. दुसऱ्या चेल्यानं मृदंग इकून घोडं घेतलंय. आता तुमच्याकडं येणार हायेत, येत्या अष्टमीला. तुम्हाला सांगाया सांगितलंय, ठकूला म्हणावं, मृदंग खाली काढून ठेव."

परण म्हणजे मृदंगाच्या बोलांची एक मोठी बांधलेली रचना. ती लिहून कळत नाही, सांगून उरत नाही. एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या हातात गेली तरच जगते. बुवांनी आयुष्यभर शिजवलेली ती परण आता एका म्हाताऱ्या जिभेवर बसून घाट उतरत होती, आणि तिला घ्यायला ठकूबाईखेरीज जगात कुणी उरलं नव्हतं.

ठकूबाईच्या एका हातात बांगड्या भरून झाल्या होत्या, दुसरा हात तसाच राहिला. ती उठली ती थेट देवघरात. आपण पुन्हा ताकाचा तांब्या घेऊन बुवांच्या उंबऱ्यात उभ्या आहोत असं तिला वाटलं. तिने पाटावर पाट ठेवले आणि वर चढली.

सून धावत आली. "आत्याबाई, अवो काय करताय? देव जागचा हलवू नये."

"देव न्हाई गं ते. माहेरचं माणूस हाय माझं," ठकूबाई म्हणाली आणि तिने मृदंग उचलला.

तो फारच हलका लागला. ठकूबाई तो घेऊन खाली उतरली, आणि मृदंगाच्या मागच्या तोंडातून एक लठ्ठ उंदीर बाहेर आला. सून किंचाळून स्वयंपाकघरात पळाली. उंदराने मिश्या झाडल्या आणि ठकूबाईकडे पाहिलं.

"नमस्कार, मालकीणबाई. पुष्कळ पिढ्यांनी भेट झाली."

ठकूबाईने मृदंग फिरवून पाहिला. पुढून लखलखाट होता. मागे, जिथे कणीक राहिली होती, तिथे चामड्याला वाटीएवढं भोक पडलं होतं. आत चिंध्या, कापूस, पेढ्यांचे तुकडे, सगळा थाटाचा संसार.

"मेल्या, तू माझ्या मृदंगात काय करतोस?"

"राहतो," उंदीरमामा म्हणाले. "आमच्या खापरपणज्याला वासावरून इथे कणीक सापडली. खाता खाता तो आत पोचला. आत पाहतो तर राजवाडा. ऊन नाही, पाऊस नाही, देवघरात मांजर येत नाही. बाहेरून सणासुदीला आरती, आतून आमचं बिऱ्हाड. तू वाजवत असतीस तर आमचं कसं झालं असतं? तुझे फार उपकार आहेत, बाई."

ठकूबाई मृदंगाशेजारी खाली बसली. आधी तिला रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही एकदमच यायला लागलं. सगळा गाव इतकी वर्षं उंदराच्या घराला नवस बोलत होता, आणि त्या घराची पुजारीण ती होती.

उंदीरमामा मायेने जवळ सरकले. "मी एक सुचवू? ठेव परत वर. भोक भिंतीकडे कर. म्हाताऱ्याला सांग, मृदंग आता देव झाला, त्याला हात लावता येत नाही. तो नमस्कार करील आणि निघून जाईल. तुझा मान राहील, माझं घर राहील. कुणाचं काही बिघडणार नाही."

बोलणं अगदी बिनचूक होतं. ठकूबाईने पाटाकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. वर ठेवायला क्षणही लागला नसता. उद्या बायका येणार होत्या, पाया पडणार होत्या, आणि कुणालाही काही कळणार नव्हतं. तिचे हात उचलायला पुढेही झाले.

मग तिला दिसलं, की बुवा वाकून या भोकाला नमस्कार करताहेत. आणि तोंडातली परण तोंडातच घेऊन पुढच्या वाटेला लागताहेत, जिथे आता कुणीच नाही. ते काही तिला सोसवेना.

"मामा," ती म्हणाली, "बिऱ्हाड हलवा."

मृदंग मढवणारा कारागीर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. ठकूबाई भर दुपारी, भर रस्त्याने, मृदंग कडेवर घेऊन निघाली. बघता बघता मागे गाव गोळा झालं. पाटील आडवे आले.

"ठकूबाई, मृदंगआईला कुठं घेऊन निघाला?"

"मढवायला. नवं चामडं घालायचं, कणीक लावायची आन वाजवायचा."

"वाजवायचा?" पाटलांचा आवाज चिरकला. "म्हंजी देवाला थापडा मारणार व्हय? आन माझ्या बैलाचा नवस फेडायचा ऱ्हायलाय, त्याचं काय?"

"बैलाला पेंड घाला, फिटंल," ठकूबाई म्हणाली. मग तिने मृदंग सगळ्यांसमोर फिरवला. भोक दाखवलं, चिंध्या दाखवल्या, त्यांच्याच घरच्या पेढ्यांचे तुकडे दाखवले. "ह्यो देव न्हाई. देव असता तर उंदरानं ह्याला कुरतडला नसता. मी ह्याला वाजवला न्हाई म्हणून ही गत झाली. तुमी मला हात जोडत ऱ्हायला आन मी ते घेत ऱ्हायले."

कुणी थुंकलं, कुणी पाठ फिरवली. ज्या बाईची म्हैस परत आली होती ती तर अशी चिडली, जणू म्हैस पुन्हा हरवली होती. त्या दिवसापासून ठकूबाईच्या पाया कुणी पडलं नाही, आणि वाटेत पाटील तिच्यासाठी बाजूला झाले नाहीत. तिला ते लागलं. रात्री ती ताटावरून तशीच उठली. पण सकाळी मृदंग मढून आला, नव्या चामड्याचा वास घरभर सुटला, आणि कालचं दुःख कुठल्या कुठे गेलं.

आता वाजवायचं.

तिने घाईघाईने कणीक मळली, गोळा थापला आणि थाप मारली. गोळा घसरून मांडीवर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तर तो लांब जाऊन तुळशीपाशी पडला. ठकूबाई हैराण झाली. मग तिने कणकेचा कण जिभेवर ठेवला आणि कपाळाला हात लावला. आयुष्यभर पोळ्या केलेल्या हातांनी सवयीने मीठही घातलं होतं आणि तेलाचं मोहनही. तेलाची कणीक चामड्याला धरणार कशी?

"आत्याबाई, मृदंग वाजिवताय का जेवू घालताय त्याला?" सुनेने विचारलं. कितीतरी दिवसांनी दोघी एकत्र हसल्या.

कोरी कणीक लागली, पण हात कुठे लागत होते? बोटं ताठरली होती. 'धा' म्हणून जे निघे ते धोपटण्याखालच्या ओल्या कपड्यासारखं. शेजारी विचारू लागले, धुणं कधी संपणार? नवरा म्हणाला, "तू वाजव खुशाल. मला तसंबी एका कानानं ऐकू येत न्हाई."

पण ठकूबाई खुशीत होती. इतकी खुशीत, की तिला स्वतःचीच लाज वाटे आणि तरी हसू आवरत नसे. तिने बुवांची रीत आठवली, आधी तोंड मग हात. दळताना ती म्हणू लागली, धा दिं ता. सारवताना, किट तक गदि गन. बोल विसरले नव्हते, नुसते दडी मारून बसले होते. एक सापडला की तो दुसऱ्याला हाताला धरून आणायचा. पाट, परात, डबा, दाराची फळी, जे हाताखाली येईल ते ती बडवून बघे. सुनेने पितळी पातेली लपवून ठेवली. नातवंडांना वाटलं आजी लहान झाली, आणि त्यांना ते फारच पसंत पडलं.

एका पहाटे तिने थाप मारली आणि घुमून आवाज आला. खोल, गोल, अंगणापलीकडे जाणारा. ठकूबाईने हात तसाच हवेत धरला. मग तिने पदर खोचला आणि दिवस वर येईपर्यंत ती थांबली नाही.

अष्टमीला बुवांची गाडी आली. बुवा फारच वाळले होते, दोघांनी धरून त्यांना देवळाच्या ओट्यावर बसवलं. सगळा गाव जमला. खरं सांगायचं तर बरेचजण ठकूबाईची फजिती बघायला आले होते. पाटील पहिल्या रांगेत बसले होते.

"ठकू," बुवा म्हणाले, "वाजव."

ठकूबाईने लहानपणीचा पहिला धडा सुरू केला. दोन आवर्तनं नीट गेली, तिसऱ्यात बोट चुकलं, चौथ्यात ती सपशेल घसरली. मागे कुणीतरी खिदळलं. ठकूबाईने मृदंगावरचे हात काढले.

"बुवा, तुमी दिल्यापासून मी ह्याची पूजा केली, वाजवला न्हाई. आता चुका हुत्यात. तुमची परण माझ्या हातानं बाटंल."

एवढ्या लांबून आलेल्या माणसाला रिकामं पाठवायचं, याचं तिला फार वाईट वाटत होतं.

बुवा हसले. दात नव्हते, तरी ते हसणं तेच होतं. "कधीपासून वाजवते आहेस?"

"निरोप आला तेव्हापासनं."

"म्हणजे चुकायला नुकतीच लागलीस. मग चांगलं आहे की. ज्याचा हात चुकतो तो हात वाजवत असतो. राजधानीत माझा शिष्य मला म्हणाला, माझं कधी चुकत नाही. त्याला मी काय देणार?" आणि ते सरसावून बसले. "चल. घाट चढायला सुरुवात."

त्यांनी तोंडाने बोल म्हटले, सावकाश, चढणीच्या बैलांच्या पावलांसारखे. ठकूबाईने ते वाजवले. चुकले.

"पुन्हा."

पुन्हा वाजवले, अर्धे आले.

"पुन्हा."

आले. बुवांनी पुढचा तुकडा म्हटला. ऊन चढत होतं, कुणी उठत नव्हतं. एक वळण जमलं की पुढचं अवघड निघे, आणि प्रत्येक वळणाला बुवांचा थकलेला आवाज एक पायरी खाली उतरे. ठकूबाईला ते कळत होतं. बुवांचा दम संपायच्या आत परण हातात यायला हवी होती. तिने डोळे मिटले. तिला गाव दिसेना, मान दिसेना, फजिती दिसेना. नुसते बोल येत होते आणि हातातून जात होते.

माथा आला आणि परण उतरणीला लागली. बोल धावायला लागले, बैल धावायला लागले, चाकं खडखडायला लागली. सून उभी राहिली. पाटलांचं बोट आधी गुडघ्यावर पडलं, मग अख्खा हात पडू लागला. म्हशीवाली बाई पुढे वाकून बसली. शेवटी सगळे बोल एका 'धा' वर येऊन थांबायचे होते, त्या जागेला सम म्हणतात. ठकूबाईचा धा समेच्या नंतर एक ठोका पडला.

गाव हळहळलं. हसलं कुणीच नाही.

बुवांना आता बोलवत नव्हतं. त्यांनी नुसतं बोट वर केलं.

ठकूबाईने घाट पुन्हा पहिल्यापासून घेतला. या वेळी तोंडाने सांगणारं कुणी नव्हतं. चढ चढली, माथ्यावर क्षणभर टेकली, उतरणीला लागली, आणि खाली, अगदी पायथ्याशी, समेवर धा पडला. त्याच्याबरोबर सगळ्या गावाचा हात मांडीवर पडला. देवळाच्या कळसावरची कबुतरं उडाली.

बुवांनी डोळे पुसले. पाठीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखे ते ताठ बसले. "पोचलो," एवढंच म्हणाले, आणि मग त्यांनी जेवायला मागितलं.

त्याच संध्याकाळी त्यांची गाडी निघाली. ती वळणाआड गेल्यावर गाव ठकूबाईकडे वळलं. सगळ्यांच्या आधी पाटील पुढे आले, पागोटं काढलं आणि तिच्या पायांवर वाकू लागले. त्यांच्यामागे म्हशीवाली, तिच्यामागे रांग.

ठकूबाईने पाय मागे घेतले आणि मृदंग पुढे सरकवला.

"पाया पडू नगासा, पाटील. हितं हात ठिवा."

पाटील घाबरले, इकडेतिकडे पाहू लागले. मग त्यांनी डोळे मिटून एक थाप मारली. आवाज आला तो ओल्या धोतराचा. सारं गाव खो खो हसलं, पाटील स्वतःही हसले, आणि ठकूबाई म्हणाली, "पुन्हा."

पुढे बुवा गेले, ठकूबाईही गेली. त्या मृदंगाचं चामडं कितीदा बदललं, लाकडी खोडसुद्धा नवं घातलं गेलं. चांदीचे डोळे तर केव्हाच कुठेतरी पडले. पण ती परण त्या गावात इतक्या हातांत गेली की ती आता विसरायची म्हटली तरी विसरली जात नाही. आणि राजधानीतले वादक तिच्यासाठी घाट चढउतार करून येतात, जमिनीवर बसतात आणि चुकायला सुरुवात करतात.

तात्पर्य: विद्या हात जोडल्याने राहत नाही, हात लावल्याने राहते.